दहाला एक, पन्नासला सहा

पहाटे ४.२०

कल्याण पूर्व, कोळसेवाडी. नळाला पाणी आलंय. मावशींनी पिंप भरलं, हंडा मोरीत ठेवला आणि खोलीच्या मधोमध फतकल मारून पोथ्या मोजायला बसल्या. मुलगा, सून, नातू भिंतीकडे तोंड करून झोपलेत. दिवा लावला तर नातू उठतो. म्हणून मोबाइलची बॅटरी पेटवून तो डब्याला टेकवून ठेवलाय.

श्री महालक्ष्मी व्रतकथा. मार्गशीर्षातल्या गुरुवारची. कव्हरवर कमळात बसलेली लक्ष्मी. आत पूजेची मांडणी, कथा, आरती. बत्तीस पानं, मधे दोन पिना. घाऊक भाव शंभराला पाचशे, म्हणजे पाच रुपयाला एक पडते. गाडीतला भाव दहाला एक, पन्नासला सहा, शंभराला तेरा.

सहा का आणि तेरा का, ते मावशी न थांबता सांगतात. "पाच सवाष्णी आणि एक घरची, झाल्या सहा. मोठ्या घरात अकरा बोलावतात. अकरा, एक घरची आणि एक न बोलावता आलेली शेजारीण. तेरा."

यंदा मार्गशीर्षात चार गुरुवार आले. उद्या शेवटचा. पहिल्या तीन गुरुवारी बाई एकच पोथी घेते, तीही गेल्या वर्षीची सापडली नाही तर. शेवटच्या गुरुवारी उद्यापन असतं. संध्याकाळी सवाष्णींना हळदीकुंकू, हातात एकेक फळ आणि एकेक पोथी. त्यामुळे मावशींच्या वर्षातला मोठा धंदा आजच्या बुधवारी.

शिल्लक माल १४०. तेराचे चार गठ्ठे, सहाचे दहा, वर अठ्ठावीस सुट्ट्या. प्रत्येक गठ्ठ्याला रबरबँड दोनदा गुंडाळायचं. एकदा गुंडाळलेलं गर्दीत सुटतं आणि पोथ्या पायाखाली जातात. पायाखाली गेलेली लक्ष्मी कुणी विकत घेत नाही.

गठ्ठे एका पिशवीत. दुसऱ्या पिशवीत मुलांच्या अंकलिप्या आणि पाण्याची बाटली. दोन्ही पिशव्या जुन्या साडीच्या, घरीच शिवलेल्या. बंद रुंद ठेवलाय, म्हणजे खांद्यात रुतत नाही. आतल्या कप्प्यात नऊशे रुपये. दुपारच्या खरेदीला लागतील.

५.२५

शेअर रिक्षा पंधरा रुपये. कल्याणहून सुटणारी स्लो लोकल, लेडीज डबा. मावशींकडे सेकंड क्लासचा महिन्याचा पास आहे. तिकीट नाही म्हणून कुणी धरावं, ही वेळ त्यांनी कधी येऊ दिली नाही. धरायचं तर विकताना धरतात.

या गाडीला बसायला जागा असते. दादरच्या फुलबाजारात निघालेल्या बायका, हॉस्पिटलात पहिली पाळी असलेल्या आया, कुणाच्या तरी ऑफिसची झाडलोट करायला जाणाऱ्या. निम्म्या डोळे मिटून बसल्यात. एकजण हरिपाठ वाचतेय, ओठ हलताहेत, पान उलटत नाही. तिला पाठ आहे, पुस्तक नुसतं हातात.

डोंबिवली गेलं की मावशी उठतात. ओरडत नाहीत. या गाडीत ओरडलं तर बायका चिडतात. डब्याच्या एका टोकापासून सुरू करून प्रत्येकीच्या मांडीवर एकेक पोथी ठेवत जातात. "पाहायला पैसे नाहीत, ताई." कुणी मान हलवली तरी ठेवतात. टोकाला पोचल्या की जरा थांबतात, दाराचा दांडा धरून बाहेर बघतात. मग त्याच क्रमानं परत. आता पोथी उचलायची किंवा पैसे घ्यायचे.

मधली ती दोन-तीन मिनिटं मी बघत राहिले. मांडीवर ठेवलेली वस्तू बाई बाजूला सारत नाही. पोथी असेल तर मुळीच नाही. आधी कव्हर सरळ करते. मग पहिलं पान उघडते. एकीनं पोथी कपाळाला लावली आणि परत मांडीवर ठेवली. मावशी परत आल्या तेव्हा तिच्याकडं न बघताच दहाच्या नोटेसाठी हात पुढं झाला.

"कपाळाला लावली की ती आपली नाही राहिली," मावशी नंतर सांगतात.

७.००

दादर. फलाटाच्या टोकाला चहा, दहा रुपये. मावशी उभ्यानंच पितात. पिशवी खाली ठेवली की परत उचलताना कंबर बोलते.

आता साडेदहापर्यंत मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नाही. मावशी उलट्या दिशेच्या गाड्या धरतात. दादरहून ठाणे, ठाण्याहून परत कुर्ला, पुन्हा ठाणे. सकाळी डाउन गाड्यांत बायका कमी असतात, पण त्यांना बसायला मिळालेलं असतं. बसलेली बाई पर्स उघडते. उभी असलेली उघडत नाही.

इथं मात्र आवाज द्यावा लागतो. डाव्या हातात पाच-सहा पोथ्या पत्त्यांसारख्या पसरलेल्या, उजवा हात वरच्या कडीला. "महालक्ष्मीची पोथी! दहाला एक, पन्नासला सहा, शंभराला तेरा! उद्याचा शेवटचा गुरुवार, उद्यापनाला लागतात, संध्याकाळी दादरला धावू नका!"

सात हव्या असणारी बाई भेटतेच. पन्नास अधिक दहा, साठ. पण तिला पंचावन्नला हव्यात. मावशी एक मिनिट गप्प राहतात. मग म्हणतात, "ताई, लक्ष्मीच्या पोथीत पाच रुपये कमी कशाला करता? ती मोजते." शेजारच्या दोघी हसतात. साठ मिळतात.

गळ्यातल्या दोरीला क्यूआरचं कार्ड आहे, प्लास्टिकच्या पाकिटात. ते मुलाच्या खात्याचं. पैसे आले की नाही ते मावशींना लगेच कळत नाही. त्या समोरच्या बाईच्या फोनवरची हिरवी खूण बघतात. आकडा बघतात, नाव बघतात, मग पोथी सोडतात. गर्दीच्या पट्ट्यात नेटवर्क फिरत राहतं आणि बाईचं स्टेशन येतं. असं झालं की मावशी म्हणतात, "राहू द्या, परत दिसाल तेव्हा." पोथी मात्र परत घेतात.

९.३५

भांडुपला फोन दोनदा वाजून बंद. मिस्ड कॉल. कानातले विकणारी पोर ठाण्याला आहे. दोनदा वाजला म्हणजे फलाटावर वर्दी उभी आहे.

मावशी पोथ्या पिशवीत टाकतात, क्यूआरचं कार्ड पदराखाली घेतात, रिकाम्या सीटवर बसतात. आता त्या पासवाल्या प्रवासी. मुलुंडला उतरून पूल ओलांडायचा आणि परतीची गाडी घ्यायची.

रेल्वे कायदा १९८९चा. त्याचं कलम १४४. परवान्याशिवाय गाडीत किंवा स्टेशनात काही विकलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खास कारण नसेल तर दंड हजाराच्या खाली येत नाही. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांसाठी २०१४ साली वेगळा कायदा झाला, पण रेल्वेची हद्द त्यातून वगळलेली आहे. मावशींना कलमाचा आकडा तोंडपाठ आहे. पावतीवर असतो.

मागच्याच आठवड्यात त्यांनी बाराशे भरले. दिवसभर बाकड्यावर बसवून ठेवलं, संध्याकाळी सोडलं. माल परत मिळाला. "वाईट नाही वागले. एकानं चहा दिला. दुसऱ्यानं विचारलं, बायकोसाठी एक पोथी आहे का."

दिली का?

"दिली. दहा रुपये घेतले."

११.४०

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. शेजारच्या फलाटावर एसी लोकल लागलीय. मावशी तिच्याकडं बघतसुद्धा नाहीत. त्यांचा पास तिथं चालत नाही आणि दारं बंद झाली की पुढच्या स्टेशनापर्यंत सुटका नाही. साध्या गाड्यांनाही अशी दारं बसणार, असं डब्यात बायका बोलतात. मावशींनी ते ऐकलंय. बसतील तेव्हा बघू, म्हणतात.

सकाळपासून १०२ पोथ्या गेल्या. तेराचे दोन, सहाचे नऊ, बावीस सुट्ट्या. आठशे सत्तर झाले. दोन अंकलिप्यांचे चाळीस. एकूण नऊशे दहा. त्यातले दोनशे दहा मुलाच्या खात्यात गेलेत. शौचालयाचे पाच रुपये देऊन त्या बाहेर पडतात.

भुलेश्वरपर्यंत चालत. बसला पैसे घालायचे नाहीत. डी. एन. रोडनं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या भिंतीलगत, कारण तिथं झाडांची सावली आहे. याच आवारात ३० डिसेंबर १८६५ला रुडयार्ड किपलिंग जन्मला. वडील इथं शिकवत. पुढं १८८८ साली अलाहाबादच्या ए. एच. व्हीलर कंपनीनं 'इंडियन रेल्वे लायब्ररी' काढली. किपलिंगच्या कथांची सहा पुस्तकं, एकेक रुपयाला, स्टेशनांवरच्या स्टॉलवर. त्याचं नाव प्रवाशांच्या हातून पसरलं. मी हे मावशींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "एक रुपया तेव्हा म्हणजे किती?" बराच, म्हटलं. "मग घेत कोण होतं?" गोरे साहेब, म्हटलं. "पहिल्या वर्गातले," मावशी म्हणाल्या आणि सिग्नल सुटला.

क्रॉफर्ड मार्केट, मग अब्दुल रेहमान स्ट्रीट. वह्या, पेनं, रंगपेट्या, लग्नाच्या पत्रिका. हातगाड्यांच्या मधून अंग चोरत जायचं. अंकलिप्या इथून उचलतात, बाराला एक, गाडीत वीसला. आज घेत नाहीत. आज हात पोथ्यांसाठी मोकळे हवेत. रबरबँडचं पाकीट तेवढं घेतात, दहा रुपये. मुंबादेवीवरून पुढं भुलेश्वर.

१२.४०

पोथ्यांचं दुकान म्हणजे पायरीएवढी रुंदी आणि आत खोल बोगदा. रामरक्षा, मनाचे श्लोक, हरिपाठ, सत्यनारायण, शिवलीलामृत, गुरुचरित्र. खालच्या फळीवर फक्त महालक्ष्मी. शेठ आज मान वर करत नाहीत. समोर उभ्या सगळ्या बायका मावशींसारख्याच. कुणी हार्बर लाइनच्या, कुणी वेस्टर्नच्या, कुणी दादरच्या फुटपाथवरच्या.

"तीनशे," मावशी सांगतात.

"साडेपाच रुपये आज."

"परवापर्यंत पाच होते."

"परवा बुधवार नव्हता."

मावशी पिशवीचा बंद खांद्यावर परत चढवतात. शेठ बघतात. तीन शेकडे काउंटरवर येतात. पंधराशे. दहाच्या नोटांच्या चवडी, विसाच्या, थोडी नाणी. शेठचा पोरगा बोटाला थुंकी लावून मोजतो. मावशीही मोजतात, त्याच्याच बरोबर, ओठात.

माल परत घ्यायचा नाही, हे आधीच ठरलेलं. उरला तर तुमचा.

मावशी एक गठ्ठा सोडून मधली एक पोथी काढतात, पानं फरकन सोडतात. गेल्या साली एका गठ्ठ्यात आठ पानं कोरी निघाली होती. एका बाईनं वर्षभरानं डब्यात गाठून सांगितलं, कथेत राणी रागावली आणि पुढं काहीच नाही.

तीनशे पोथ्यांचं वजन खांद्यावर आलं की चाल बदलते. त्या उजवीकडं झुकतात, पावलं आखूड पडतात. स्टेशनपर्यंत दोनदा खांदा बदलतात.

२.००

पुन्हा सीएसएमटी. फलाटावरच्या बाकड्यावर वडापाव, वीस रुपये, त्याबरोबर घरून आणलेली चपाती आणि चटणी. जेवता जेवता नव्या गठ्ठ्यांना रबरं लागताहेत. एक हात खरकटा, म्हणून दुसऱ्या हातानं आणि दातानं.

समोरच्या स्टॉलवर पाण्याच्या बाटल्या, वेफर्स, बिस्किटं. पेपर खालच्या कोपऱ्यात, मासिकं दोरीला दोन-तीन. मावशींचे यजमान याच धंद्यात होते. संध्याकाळचे पेपर विकायचे. 'आपलं महानगर' १९९०ला सुरू झालं, ते संध्याकाळी यायचं. घरी जाणारा माणूस पेपर घेऊन गाडीत चढायचा आणि उतरताना सीटवर टाकून जायचा. क्रिकेटची मॅच असली की खांद्यावरचा गठ्ठा अर्ध्या तासात संपायचा. "हे म्हणायचे, हरले तर कमी खपतात. जिंकले की ज्यानं मॅच बघितली तोसुद्धा घेतो."

मग फोन आले. स्कोअर खिशातच आला. यजमानांनी शेवटची काही वर्षं पेपरबरोबर रुमाल विकले. ते गेल्यावर मावशींनी पिशवी घेतली आणि पुरुषांचे डबे सोडून लेडीज डबा धरला. त्या म्हणतात, "बायका वाचायला घेत नाहीत. द्यायला घेतात. पोराला द्यायला, सवाष्णीला द्यायला. द्यायचं असलं की फोन उपयोगाचा नाही."

हे व्रत त्या स्वतः करत नाहीत. यजमान गेले त्या वर्षी कलश बंद केला. आता सून करते.

३.१०

दुपारची स्लो. डब्यात ऊन आडवं आलंय. कॉलेजच्या मुली, शाळेतून पोरं घेऊन निघालेल्या आया, एक म्हातारी दोन सीटवर पाय पसरून.

अंकलिपीची वेळ हीच. पोर कंटाळलेलं असतं, आई दमलेली. मावशी पोराच्या हातात अंकलिपी देतात, आईच्या नाही. पोर पानं उलटतं. अननसाचा अ, आगगाडीचा आ. आगगाडीचं चित्र अजून कोळशाच्या इंजिनाचं, धूर सोडणारं. पोर खिडकीबाहेर बघतं, मग चित्राकडं. घाटकोपर येईपर्यंत सोडत नाही. वीस रुपये. दुपारभरात पाच गेल्या.

पोथीवर मात्र एक तरुण बाई अडून बसते. आयटीत असावी, गळ्यात ओळखपत्र. "माझ्याकडे पीडीएफ आहे, मावशी. दर गुरुवारी त्यातूनच वाचते."

"बरं करता. आणि उद्या सवाष्णींना काय देणार? पीडीएफ?"

ती हसते. "ग्रुपवर टाकीन."

"टाका. हळदकुंकूही तिथंच लावा."

शेजारच्या बाकावरच्या दोघी आता सरळ बघताहेत. ती बाई अजून हसतेच आहे, पण फोन काढते आणि गळ्यातलं कार्ड स्कॅन करते. सहाचा एक गठ्ठा. मावशी हिरवी खूण बघतात, आकडा बघतात, नाव बघतात. मगच गठ्ठा देतात.

५.३०

परळ. दुसरा चहा, दहा रुपये. शौचालय, पाच.

मावशी इथं का येतात ते कळायला फलाट बघावा लागतो. मार्च २०१९पासून काही लोकल परळहून सुटतात. रिकामी गाडी इथं मिळते, पुढचं स्टेशन दादर. दादरला आज फुलबाजारातून, भाजीबाजारातून बायका थेट गाडीत घुसणार. हातात झेंडू, आंब्याचे डहाळे, नारळ, पाच फळं. सगळं घेतलं आणि पोथ्या राहिल्या, असं निम्म्यांचं होतं.

मावशी आधीच चढून जागा धरतात. सीट नाही. दारापासून दोन हात आत, पार्टिशनचा कोपरा. पाठ टेकवायची, पिशवी दोन पायांत घट्ट, पाय जरा फाकवून रोवलेले. दादरला लोंढा आला की इथून हलता येणार नाही. हलायची गरजही नाही.

लोंढा आला. मिनिटभर नुसते कोपरे आणि ओरडा. "आत सरका." "अहो, नारळ लागतोय." "कुणाचं पिशवीचं धूड आहे इथं?" मावशी गप्प. माटुंगा गेलं, श्वास जागेवर आले, आणि मग आवाज चढतो.

"दहाला एक, पन्नासला सहा, शंभराला तेरा! राणीनं दारात आलेल्या म्हातारीला हाकललं, तिथून सगळं राज्य गेलं! कथा पूर्ण आहे, आरती आहे!"

कुठूनतरी उत्तर येतं, "आता तुम्हाला कोण हाकलणार, मावशी! द्या सहा!"

डबा हसतो. आणि मग ते सुरू होतं. खिडकीकडून शंभराची नोट निघते. पहिली बाई मागच्या बाईला देते, ती वर कडीला लटकलेलीला, ती मावशींना. "तेरा, खिडकीत, हिरवी साडी." गठ्ठा त्याच वाटेनं उलटा जातो, डोक्यांवरून. मधल्या बाईनं एक हात सोडून तो पुढं दिलाय, दुसऱ्या हातात डहाळे. नोट देणारी कोण, गठ्ठा घेणारी कोण, मावशींना चेहरा दिसत नाही. एका वेळी तीन नोटा तीन दिशांनी येतात. विसाची एक नोट येते, दोन पोथ्या जातात. परत येतात. "एकच हवी होती, दहा परत द्या." दहाही त्याच हातांनी परत जातात.

मी त्या वाटेवर मधेच उभी होते. माझ्या हातून किती गठ्ठे गेले ते मोजलं नाही. एकही नोट कमी आली नाही.

एकजण वैतागलीय. "उभं राहायला जागा नाही, त्यात यांचे धंदे." मावशी तिच्याकडं बघून म्हणतात, "मुंब्र्याला उतरते ताई, तेवढं सांभाळा." त्या मुंब्र्याला उतरत नाहीत. पण बाई शांत होते.

७.१५

ठाण्याला उतरून उलट परळला, मग पुन्हा तीच खेळी. दुसऱ्या फेरीत कोपऱ्यात गजरेवाली पोर आधीच उभी. ती सरकते, मावशींना अर्धी जागा देते. दोघींचं गिऱ्हाईक एकच, पण माल वेगळा. पोथीवाली दुसरी आली असती तर तिला पुढची गाडी बघावी लागली असती. ठरलेलं असतं. कुठं लिहिलेलं नाही.

या गाडीत निवडलेली मेथी आणि सोललेला लसूणही फिरतोय, पिशव्या बांधून. उद्या उपास, रात्री पुरणाचा स्वयंपाक. घरी पोचायला साडेआठ. मेथी निवडायला वेळ कुणाला आहे.

ठाणे गेल्यावर डबा जरा मोकळा होतो. मावशींचा आवाज बसलाय. आता पोथी नुसती वर धरतात. डोंबिवलीला उतरणारी एक बाई दारातून ओरडते, "दोन!" नाणी हवेत. मावशी ओंजळीत झेलतात. गाडी सुटता सुटता दोन पोथ्या तिच्या पिशवीत, नारळावर.

९.१०

कोळसेवाडी. परतीची रिक्षा पंधरा. सून चौरंग पुसतेय, नातू कलशाच्या तांब्यात बोट घालतोय. मावशी पाय पसरून भिंतीला टेकतात. टाचांना भेगा, त्यात काळी रेघ. सुनेनं न विचारता गरम पाण्याची बादली समोर ठेवलीय.

आधी हिशोब, मग जेवण. वही शाळेची, नातवाची जुनी, मागून लिहीत आणलेली.

सकाळच्या १४०, भुलेश्वरच्या ३००. एकूण ४४०. गेल्या ३८६. साठ सुट्ट्या, सहाचे चोवीस गठ्ठे, तेराचे चौदा. बत्तीसशे रुपये. सात अंकलिप्या, एकशेचाळीस. गल्ला तेहतीसशे चाळीस.

पोथ्यांची खरेदी एकोणीसशे तीस, अंकलिप्यांची चौऱ्याऐंशी. रिक्षा तीस, चहा वीस, वडापाव वीस, रबरबँड दहा, शौचालय दहा. हातात राहिले बाराशे छत्तीस. एरवी चारशे-पाचशे सुटले तरी दिवस बरा म्हणायचा. मावशी वहीचं मागचं पान उलटतात. तिथं मागच्या आठवड्यातला दंड, बाराशे. त्या दोन्ही आकड्यांकडं बघतात. "छत्तीस रुपये कमावले म्हण," मला म्हणतात आणि पान परत उलटतात.

मुलाच्या खात्यात आज साडेअकराशे आलेत. तो हजार काढून देतो. "दीडशे परवा देतो, आई." वहीत लिहिलं जातं, दीडशे येणे. सुनेनं उद्यासाठी सात पोथ्या उचलल्या. त्याही वहीत, खरेदीच्या भावानं, पस्तीस.

उरल्या सत्तेचाळीस. कोऱ्या प्लास्टिकमधे, दोन डांबरगोळ्या टाकून, माळ्यावर. पुढच्या वर्षी निघतील. या धंद्यात मावशी कॅलेंडर धरत नाहीत ते यासाठीच. कालनिर्णय १९७३पासून घरोघर आहे, डिसेंबरात मागणीही आहे. पण गर्दीत ते मुडपतं आणि जानेवारी सरला की रद्दी. पोथीवर साल छापलेलं नसतं.

साडेनऊला त्या भुलेश्वरला फोन लावतात. शेठ अजून दुकानातच. जानेवारीत संक्रांत, तिथून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू, त्यात परत वाण द्यायचं. वाणाला चालतील अशा छोट्या रामरक्षा हव्यात, खिशात मावणाऱ्या. पाचशे.

शेठ म्हणतात, निम्मे रोख.

"तिसरा हिस्सा."

"मावशी, आज किती खपले ते मला माहीत आहे."

"मग मला उधार देताना घाबरता कशाला?"

पलीकडं शेठचा पोरगा हसल्याचं ऐकू येतं. तिसऱ्या हिश्शावर ठरतं. माल शुक्रवारी, अकराच्या आत यायचं. त्यानंतर वेस्टर्नच्या बायका येतात आणि चांगल्या कव्हरचे गठ्ठे त्या आधी उचलतात.